गळ्याचा नवस

जानेवारीतल्या तीन राजांच्या सणाची रोस्का, कड्यासारखा गोड पाव, कापायला सगळं आरोनिस घराणं टेबलाभोवती जमलं होतं आणि नेरेइदा आतल्या खोलीत तापाने फणफणत होती. यात नवं काही नव्हतं. ताप चढला की तिला पापालोआपान नदी घरातून वाहताना दिसायची. जलपर्णीची हिरवी बेटं जांभळी फुलं डोक्यावर घेऊन पलंगाखालून सरकत जायची आणि बाहेरची माणसं पाण्याखाली बसून बोलत असल्यासारखी ऐकू यायची. लहानपणापासून वर्षातून कितीदा तरी तिच्या टॉन्सिल सुजायच्या, थुंकी गिळायची तरी काटे टोचायचे, इंजेक्शनं व्हायची, आठवडाभर आवाज जायचा. बरी झाली की तीच मुलगी चौकातल्या फान्दांगोत, गाण्यानाचाच्या मेळ्यात, उभी राहून पहिली ओळ उचलायची आणि जाराना नावाची छोटी गिटार वाजवणारे म्हातारे माना वर करून बघत राहायचे. पोर विशीतली, पण आवाज घराण्याचा होता. म्हणजे त्यावर हक्क सांगणारे बरेच होते.

उशाशी क्रिसांताआत्या बसली होती. तेल आणि भाजलेल्या टोमॅटोचा गर लावून ती नेरेइदाचा हात आतल्या बाजूने मनगटापासून कोपरापर्यंत अंगठ्याने दाबत होती. बारीक गाठ लागली की थांबायची, दाब द्यायची, आणि गाठ टचकन फुटली की म्हणायची, "ही गेली." आमच्या गावात गळ्याच्या गाठी अशा हातात फोडतात. मग तळपायांना गरम टोमॅटो बांधायचे, टाळूवरची केसांची बट धरून वर खेचायची, आणि थंड काही द्यायचं नाही. गार पाणी नाही, अनवाणी फरशीवर चालणं नाही, आईस्क्रीम तर नावालाही नाही. गंमत अशी की नेरेइदाची आई आंपारो चौकातल्या कमानींखाली आईस्क्रीमच विकायची. नारळाचं, चिंचेचं, मामेय नावाच्या फळाचं. तिचं माहेर वेराक्रूझ बंदरातलं, पिढ्यान्‌पिढ्या आईस्क्रीमवाल्यांचं, आणि तिच्या पोटच्या पोरीने आईस्क्रीमचा घास कधी चाखलेला नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

बाहेर आंपारो रोस्काचे तुकडे करत होती आणि मनात वाक्यं जुळवत होती. इतकी वर्षं या घरात काढूनही ती 'बंदरवाली' होती. बंदरवाली काही ठरवते म्हटलं की आरोनिसांच्या भुवया आपोआप वर जायच्या. शेवटी सुरीकडे बघत तिने सांगून टाकलं की बंदरातल्या डॉक्टर लान्देरोंकडे तिने नेरेइदाच्या टॉन्सिलचं ठरवलंय, कांदेलारियाच्या, दोन फेब्रुवारीच्या सणाच्या आधी, ताप उतरला की लगेच. नंतर डॉक्टरांकडे ईस्टरपर्यंत जागा नाही. आणि तोवर थांबायची तिची तयारी नव्हती. गेल्या सप्टेंबरात नेरेइदाच्या घशात पू झाला होता. तोंड उघडत नव्हतं, लाळ गिळवत नव्हती, बंदराच्या रस्त्यावर गाडीत तिचा श्वास घरघरत होता. पुढच्या वेळी रस्त्यातच श्वास अडकू शकतो, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

लेओन्सिओने, तिच्या नवऱ्याने, कप खाली ठेवला. जाराना घडवणारा माणूस, बोलायचं सोडून बाकी सगळं करायचा. त्याने एवढंच विचारलं, की आवाजाचं काय.

आंपारो याच प्रश्नाची वाट बघत होती. डॉक्टरांनी कागदावर गळा काढून दाखवला होता तसा तिने टेबलक्लॉथवर बोटाने काढला. पूर्वीसारखं मुळापासून उपटायचं नाही. तोंडातूनच एक बारीक कांडी आत जाते, मिठाच्या पाण्यातून तिच्या टोकाशी वीज खेळते, आणि सुजलेलं मांस न जाळता थराथराने विरघळतं. खाली पातळ अस्तर तसंच ठेवतात, त्यामुळे आतला स्नायू उघडा पडत नाही, दुखणं कमी. स्वरयंत्र पार खाली, तिकडे कांडी जातच नाही. उरलेलं अस्तर पुन्हा वाढण्याची थोडी शक्यता राहते, हेही डॉक्टरांनी लपवलं नव्हतं.

"वहिनी," धाकटा दीर इलारिओ म्हणाला, "तुमच्या डॉक्टरीणबाईंना सांगा, मांस ठेवून घ्या, सूर तेवढे बाटलीत घालून परत द्या." इलारिओ जागच्या जागी ओळी जुळवून गाणारा गडी होता. कुठलंही जड काम तो कोटी करून दुसऱ्याच्या अंगावर ढकलायचा.

आतून क्रिसांता आली, तेलाचे हात झग्याला पुसत. आरोनिस भावंडांत ती थोरली. ओसरीवर ओढून आणलेल्या जुन्या होडीच्या तळासारखा तिचा आवाज खरखरीत होता, आणि का तसा होता ते घरातल्या लेकराबाळालाही ठाऊक होतं.

"मी नऊ वर्षांची होते," ती म्हणाली. "बंदरातच नेलं होतं. सुरी लागली आणि पुढे काय झालं ते तुमचे कान जाणतात."

  लहानपणी क्रिसांता गायची तेव्हा नदीपलीकडची माणसं होड्या थांबवायची, असं म्हातारे सांगत. टॉन्सिल काढल्यावर तिने पुन्हा कधी एक ओळ म्हटली नव्हती.

"आणि दुसरं," ती पुढे म्हणाली, "सप्टेंबरात मी मेरीमातेला नवस बोललेय. हिचा गळा वाचव, कांदेलारियाला तुझी होडी आमच्या दारावरून जाईल तेव्हा ही तुला गाऊन दाखवेल. पहिली ओळ हिची."

 दर वर्षी दोन फेब्रुवारीला माता होडीत बसून नदीतून फिरायची तेव्हा आरोनिसांची तारिमा, टाचांनी ठेका धरायचा लाकडी मंच, ओसरीवर काढली जायची, आणि होडी समोर येताच घरातलं एक माणूस ओळ म्हणायचं, दुसरं तिला उत्तर द्यायचं. ही रीत क्रिसांताच्या वडिलांनी घातलेली. आणि मातेला कबूल केलेलं मोडत नाहीत. मोडणाऱ्यांच्या गोष्टी आमच्याकडे पोरांना जेवताना सांगतात.

"ऑपरेशननंतर तिला महिनाभर गायचं नाहीये," आंपारो म्हणाली. मग तिचा आवाज बदलला. "वन्सं, नवस तुम्ही बोललात. गळा तिचा आहे."

"तिच्या जिवासाठीच बोलले. तू गाडीत रडत होतीस तेव्हा मी इथे मेणबत्ती लावून गुडघ्यावर बसले होते."

दोन्ही बायका खरं बोलत होत्या, म्हणूनच लेओन्सिओला कुठे बघावं कळेना. इलारिओने बहिणीची बाजू घेतली. नवसापुढे डॉक्टर काय करणार, म्हणाला. तेवढ्यात दारात चादर पांघरून नेरेइदा उभी दिसली. तिने चौकटीला डोकं टेकलं आणि जेमतेम ऐकू येईल एवढ्या आवाजात सांगितलं की तिला बंदराला जायचंय.

"आणि नवस?" आत्याने विचारलं.

"तोही फेडते."

कसा, ते तिला तरी कुठे माहीत होतं. तिला आत्या दुखवायची नव्हती आणि आईही. इतक्यात इलारिओ खोकायला लागला. घास बाहेर काढून बघतो तर तळहातावर रोस्कात लपवून भाजलेली छोटी पांढरी बाहुली. इतकी वर्षं तो बाहुली निघाली की गुपचूप गिळतो असा सगळ्यांचा वहीम होता. आज दातात अडकली. बाहुली ज्याला निघेल त्याने कांदेलारियाला सगळ्यांना तामाल, मक्याच्या पानात उकडलेले पिठाचे मुटके, करून घालायचे; म्हणजे ते त्याच्या गळ्यात पडले, आणि लेओन्सिओ हसला, आणि मग बाकीचेही थोडेसे हसले.

*

ऑपरेशनच्या दिवशी लेओन्सिओ न सांगता गाडीत येऊन बसला. आंपारोने आपली पिशवी त्याच्या मांडीवर ठेवली. क्रिसांता ओसरीच्या खांबाला टेकून उभी राहिली. गाडी वळेपर्यंत तिने निरोपाचा हात काही वर केला नाही.

नेरेइदाला नंतर आठवलं ते एवढंच. पांढरी खोली, डॉक्टर लान्देरोंचा शांत चेहरा, आणि त्यांनी विचारलं होतं की तू कुठल्या सुरात गातेस. ती सांगणार होती. त्याआधीच नदी आली. या वेळी ती तापातली नदी नव्हती, गार होती आणि खारट होती, समुद्र जिथे आत शिरतो तिथलं पाणी. जलपर्णीची दोन मोठी बेटं प्रवाह अडवून बसली होती. कुणीतरी बारीक काठीने त्यांना नुसता स्पर्श करत होतं आणि ती कडेकडेने फेस होऊन विरघळत होती, काही तुटत नव्हतं, काही आवाज नव्हता. मग पाणी मोकळं झालं आणि एक होडी त्यातून गेली. होडीत पांढऱ्या झग्यातली एक लहान मुलगी उभी होती, तोंडावर हात ठेवून. नेरेइदाने तिला हाक मारायला तोंड उघडलं आणि डोळे उघडले.

घसा जळत होता, पण ताप आल्यावर जळायचा तेवढाही नव्हता. डॉक्टर म्हणाल्या की सगळं नीट झालं, संध्याकाळी घरी जा. थंड खा, मऊ खा, पाणी पीत राहा. घशात पांढरा पापुद्रा धरेल, तो आठवडा-दहा दिवसांनी सुटायला लागेल, तेव्हा जपायचं. तेव्हा ताण दिला तर रक्त येऊ शकतं. बोलणं कमी, ओरडणं नाही, गाणं अजिबात नाही, मी पुन्हा तपासेपर्यंत. शेवटचं वाक्य त्यांनी लेओन्सिओकडे बघून म्हटलं. घराण्यांना त्या ओळखत असाव्यात.

मग आंपारोने पिशवी उघडली. आत बर्फात गुंडाळलेला डबा होता. तिने चमचाभर नारळाचं आईस्क्रीम काढलं, आणि चमचा लेकीच्या ओठांशी नेला. आयुष्यभर गावातल्या सगळ्या पोरांना तिने हे भरवलं होतं. नेरेइदाने तोंड उघडलं. गार, गोड, हळूहळू घशाखाली उतरणारं. ती डोळे मिटून पडून राहिली आणि आंपारो तिच्याकडे बघत रडत राहिली, अगदी उघडपणे, नवऱ्यासमोर, नर्ससमोर. तिला जराही लाज वाटली नाही.

*

घरी नेरेइदा बोटांनी बोलायला लागली. हो म्हणायचं तर टेबलावर एक टकटक, नाही म्हणायचं तर दोन. वाजवणाऱ्यांचं घर ते, चार दिवसांत टकटकीची भाषाच तयार झाली. आईस्क्रीम हवं असलं की ती लाडिक ठेका धरायची, बाबांची थट्टा करायची असली की त्यांच्या रंध्याच्या आवाजाची नक्कल करायची. गप्प राहिल्यामुळे तिला घर पहिल्यांदा नीट ऐकू यायला लागलं. दुपारी नदीवरून येणारा वारा, चुलीवरचं दूध, शेजारच्या ओसरीतली झुलती खुर्ची. सगळे दिवस एकाच लांब दुपारीसारखे वाटायचे आणि तिला ते आवडायचं.

क्रिसांता आली ती आठवडा होत आल्यावर, हातात गरम रश्शाचं भांडं घेऊन. आंपारोने भांडं अडवलं नाही, नुसतं घेऊन मागे निवायला ठेवलं. आत्या पलंगापाशी बसली. सवयीने तिने नेरेइदाचा हात घेतला, अंगठ्याने आतली बाजू चाचपली आणि सोडून दिला. नेरेइदा वाटीतलं आईस्क्रीम खात होती. आत्या ते बघत राहिली, इतका वेळ की नेरेइदाने चमचा भरून तिच्यापुढे धरला.

"नको," आत्या म्हणाली. "मलाही कबूल केलं होतं तेव्हा. ऑपरेशन झालं की वाटीभर देऊ म्हणाले होते. बाबांनी देऊ दिलं नाही. थंडाने आवाज बसेल म्हणाले, आणि कांदेलारिया तोंडावर आली होती."

एवढं सांगून ती थांबली. अर्धंच सांगितलंय हे नेरेइदाला कळलं, पण उरलेलं विचारायला तिच्याकडे आवाज नव्हता. मग आत्या तिच्या कानाशी वाकली आणि हळूच म्हणाली, "एकच ओळ गं. हळू. मातेला तेवढी पुरेल. आईला नको सांगूस."

 नेरेइदाच्या डोळ्यांपुढे सप्टेंबरातली ती गाडी आली, स्वतःची घरघर, आणि जिवंत परत आल्यावर मेणबत्ती धरून दारात उभी असलेली ही म्हातारी. एवढं प्रेम करणाऱ्या माणसाला मातेपुढे खोटं पाडायचं कसं. तिने पलंगाच्या कडेवर एक टकटक केली.

दारात इलारिओ उभा होता, मक्याच्या पानांचे गठ्ठे कुठे ठेवू ते विचारायला आलेला. त्याने सगळं ऐकलं. बहिणीच्या बाजूने असूनही त्याला पानं उगाच जड वाटायला लागली.

*

दोन फेब्रुवारीला दुपार कलली तसा सगळा गाव नदीकाठी उतरला. माणसं कठड्यांवर, छपरांवर, बोटींवर. आरोनिसांच्या ओसरीवर तारिमा काढली होती, जाड फळ्यांची, तीन पिढ्यांच्या टाचांनी झिजलेली. इलारिओने केलेल्या तामालांत मीठ कमी होतं. नवसाची भूक आहे, चालतंय, असं म्हणून लोक खात होते. नेरेइदा पांढऱ्या झग्यात खांबाशी बसली होती, केसांत फूल माळून. आदल्या दिवसापासून तिच्या घशातला पापुद्रा सुटायला लागला होता. गिळताना कडेला काहीतरी हलायचं. तिने ते आईला सांगितलं नव्हतं.

लेओन्सिओ रेकिंतोच्या, मुख्य सूर धरणाऱ्या छोट्या गिटारीच्या, तारा लावत होता तेव्हा इलारिओ त्याच्याजवळ येऊन टेकला. त्याला एकही कोटी सुचली नाही.

"दादा, ती आज गाणार आहे. ताईने कबूल करून घेतलंय."

लेओन्सिओने तार पिळली ती पिळतच राहिला. थोरल्या बहिणीपुढे त्याने कधी तोंड उघडलेलं नव्हतं. चार वर्षांचा असल्यापासून तिच्याच मांडीवर वाढला होता. त्याने मान वर केली, आंपारोकडे पाहिलं. ती समोर आईस्क्रीमच्या डब्याशी वाटसरूंना चमचे वाटत होती, निर्धास्त. माझी पोर गप्प आहे आणि गप्प राहणार आहे, याची तिला पूर्ण खात्री होती.

वळणावर फटाके उडाले आणि माता दिसली. फुलांनी मढलेली होडी, मागे छोट्या बोटींचे थवेच्या थवे, पाण्यावर सोनेरी ऊन. तिच्यासोबत जलपर्णीची बेटंही संथ वाहत येत होती. लेओन्सिओने वाजवायला सुरुवात केली. नेरेइदा उठून तारिमेवर आली आणि क्रिसांता तिच्यामागे.

आता इथे आमच्या वाजवण्यातली एक गोष्ट सांगायला हवी. रेकिंतो आधी सूर फिरवतो, आणि एका ठिकाणी तो थांबून दार उघडतो. गाणाऱ्याने त्याच दारातून आत शिरायचं. लेओन्सिओ त्या दारापर्यंत आला आणि न उघडता पुन्हा पहिल्यापासून फिरला. नेरेइदाने श्वास घेतला होता, तो सोडला. तो पुन्हा आला, पुन्हा वळला. जाराना वाजवणारे चमकून त्याच्याकडे बघायला लागले. त्याच्या कपाळावर घाम होता आणि नजर खाली. बोलायची हिंमत नसलेला माणूस जेवढं करू शकतो तेवढं तो करत होता. होडी पुढे सरकत होती.

"आता, पोरी," क्रिसांता म्हणाली आणि तिने नेरेइदाच्या पाठीवर, मानेच्या जरा खाली, हात ठेवून तिला किंचित पुढे केलं.

तो हात क्रिसांताने ओळखला.

तो तिच्या वडिलांचा हात होता. हीच तारिमा, हाच पांढरा झगा, पापुद्रा सुटायचे हेच दिवस. बाबा आधीच नवस बोलून बसले होते. डॉक्टरने बजावून सांगितलं होतं की पोरीला गाऊ देऊ नका, ते तिने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. पाठीवर, मानेच्या जरा खाली, हात. एकच ओळ, पोरी. तिने गायली होती. दुसऱ्या ओळीला घशात काहीतरी ऊन ऊन वर आलं, लोखंडाच्या चवीचं, आणि झग्याची लेस लाल झाली. लांबून लोकांना वाटलं, फुलं आहेत. पुढे घरात सगळे म्हणाले, डॉक्टरने पोरीचा गळा नासवला. तीही म्हणाली. बापापेक्षा सुरीला दोष देणं सोपं होतं. बापावर तिचा फार जीव होता. इतकी वर्षं ती हे जाणून होती आणि इतकी वर्षं तिने ते स्वतःला कळू दिलं नव्हतं.

नेरेइदाने तिसऱ्यांदा श्वास भरला. लेओन्सिओ दारापाशी येत होता आणि आता जाराना वाजवणाऱ्यांनी त्याच्याकडे लक्ष न देता स्वतःच थांबून दार उघडण्याची तयारी केली होती. आंपारोने मान वर केली, लेकीचे ओठ उघडताना पाहिले, आणि तिच्या हातातून चमचे खाली पडले.

क्रिसांताने पाठीवरचा हात काढला आणि नेरेइदाच्या तोंडावर ठेवला.

"नको गं बाळा," ती म्हणाली. "नवस मी बोललेय."

दार उघडलं. आता कोण गाणार ते लेओन्सिओच्या कानांनी आधी ओळखलं आणि बोटांनी मग. क्रिसांता आरोनिस तारिमेच्या कडेला उभी राहिली, होडीकडे तोंड करून, आणि गायला लागली.

*होडी सावकाश ने रे नाखवा,*
*आत माझी आई आहे;*
*नवस माझा, गळाही माझा,*
*फाटका असला तरी आहे.*

आवाज घोगरा होता. वरच्या सुराला पोचताना चिरला, खाली आला, पुन्हा वर गेला. सुंदर होता असं कुणी म्हणणार नाही. पण नदीवर होड्या थांबल्या. मातेची होडीही थांबल्यासारखी वाटली, निदान तिथे असलेले आम्ही सगळे आजही तसं सांगतो. इलारिओ उघडपणे रडत होता आणि हातातला तामाल तसाच धरून होता.

ओळ संपली, आणि ओळीला उत्तर हवं. उत्तराशिवाय ओळ अर्धी राहते, नवसही. लेओन्सिओ सूर फिरवत राहिला. कुणी उचलावं ते कुणालाच ठरवता येईना. नेरेइदाने आईकडे पाहिलं. आंपारो तारिमेपाशी येऊन उभी राहिली होती, चेहरा पांढराफटक. नेरेइदाने प्रश्न विचारावा तशा भुवया उंचावल्या. आंपारोने तिच्या ओठांकडे पाहिलं, ते मिटलेले होते. मग पायांकडे पाहिलं.

तिने मान हलवली. हो.

नेरेइदाने टाच वाजवली. उडी नाही, गिरकी नाही, नुसती टाच, फळ्यांवर हळुवार. आधी एक, मग थोडं थांबून आणखी, आणि मग आत्याने गायलेल्या चारही ओळी जशाच्या तशा, अडखळून चिरलेल्या त्या जागेसकट. तिच्या घरच्यांना एकेक शब्द कळला. क्रिसांता तिच्या पायांकडे बघत ऐकत राहिली आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत राहिलं, जे तिने पुसलं नाही.

माता पुढे गेली. मागून बोटी गेल्या, मग नुसती नदी राहिली आणि वाहती हिरवी बेटं. क्रिसांता तारिमेच्या कडेला बसली. बसताना तिने गळ्याला हात लावला, आश्चर्य वाटल्यासारखा. आंपारो शेजारी उभी होती. 

"आंपारो," शेवटी क्रिसांता म्हणाली, "घसा दुखायला लागला गं माझा. नारळाचं उरलंय का?"